किमान लोखंड आणि कमाल नातेवाईक

काँक्रीटमध्ये कमीत कमी किती लोखंड घालावं हे मी एकतीस वर्षं अमरावतीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं, आणि त्या एकतीस वर्षांत मी फळ्यावर काढलेली एकही गॅलरी खाली आली नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र मला खरी गॅलरी बांधायची बुद्धी झाली. आणि तीही कुणाची? स्वतःच्या आईची! (परक्याची बांधली असती तर त्यानं पोलिसात तक्रार केली असती आणि प्रकरण एकदाचं मिटलं असतं. आईनं कुठे तक्रार करायची? तिनं ती मलाच केली, आणि अजून करते.)

आमची आई, म्हणजे आम्हा सगळ्यांची माय, अकोल्याच्या भाजीबाजारात चाळीस वर्षं पोतं अंथरून बसली. गावाबाहेर आमचा लहानसा मळा होता. वांगी, मेथी, पालक, सांभार (म्हणजे कोथिंबीर). पहाटे खुडायचं आणि उजाडता उजाडता बाजारात जागा धरायची. त्या पोत्यावर बसून तिनं मला इंजिनिअर केलं आणि माझ्या धाकट्या भावाला, मधूला, कापडाचं दुकान टाकून दिलं. बदल्यात आमच्याकडे तिनं कधी काही मागितलं नाही. मागितलं ते एकदाच, मधूनं अकोल्याच्या घरावर मजला चढवायचं काढलं तेव्हा.

"मले एक गॅलरी पाह्यजे," माय म्हणाली.

"गॅलरी कायले वं माय? गच्ची हाये ना," मधू म्हणाला.

"गच्चीवरून रस्ता दिसत नाई. चाळीस वर्सं खाली बसून लोकायच्या चपला पाह्यल्या. आता वरून टकले पाहीन."

मधू हसला. मला हसू आलं नाही, डोळ्यांत पाणी आलं. आणि डोळ्यांत पाणी आलेला माणूस जे करतो तेच मी केलं. कुणी विचारलेलं नसताना जाहीर करून टाकलं, "मायच्या गॅलरीचं डिझाइन मी करणार!"

"तुम्ही?" माझी बायको सुनंदा म्हणाली. "तुम्हाला भिंतीत खिळा ठोकता येत नाही. मागच्या वेळी कॅलेंडरसकट भिंतीचा पोपडा आला हातात."

"खिळा वेगळा, स्ट्रक्चर वेगळं."

"हो. खिळा पडला तर कॅलेंडर पडतं," ती म्हणाली आणि भाजी ढवळायला निघून गेली. बायकोच्या बोलण्याकडे मी लक्ष दिलं नाही. आयुष्यात इतकं महागात पडलेलं दुर्लक्ष दुसरं नाही.

आता इथे थोडं शिकवावं लागेल. (सवय आहे. अमरावतीच्या राजापेठेत मी आजही दोन खोल्यांत क्लास घेतो. शेजारी गणिताचा क्लास, वर इंग्रजीचा, आणि खाली स्कूटी लावण्यावरून भांडणं.) काँक्रीट दाबाला खंबीर असतं, पण ताणलं की तुटतं, आणि तुटताना कुणाला सांगत नाही. लोखंड सांगतं. लोखंड असलं की आधी भेग पडते, मग स्लॅब वाकतो, तेवढ्यात माणसाला बाहेर पळायला वेळ मिळतो. म्हणून हिशोबानं लोखंडाची गरज जवळजवळ शून्य निघाली तरी नियमानं ठरवून दिलेलं किमान लोखंड घालावंच लागतं. दुसरी गोष्ट अशी, की गॅलरी म्हणजे भिंतीतून पुढे काढलेला हात. तिला ताण येतो तो वरच्या अंगाला. म्हणून तिच्या मुख्य सळया वरच पाहिजेत. त्या खाली गेल्या तर असून नसल्यासारख्या.

झालं, एवढंच. किमान लोखंड तपासायला विसरणाऱ्या विद्यार्थ्याचे मी दोन मार्क कापायचो. गॅलरीची सळई खाली दाखवणाऱ्याला सरळ शून्य द्यायचो, आणि वर लाल पेनानं लिहायचो, 'यावर स्वतःच्या आईला बसवाल का?'

मायची गॅलरी अडीच फुटांची. तिच्यावर भार कसला, तर एक म्हातारी आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची. मी तीन रात्री नव्हे, तीन दुपारी कूलरसमोर बसून हिशोब केला. गरज किमान लोखंडाच्याही खाली आली. तेव्हा मी नियमाप्रमाणे किमान तेवढं लोखंड दाखवलं. त्याहून एक सळई जास्त नाही. ड्रॉइंग इतकं देखणं झालं होतं की मी ते लॅमिनेट करून घेतलं.

मधूनं मिस्त्री आधीच ठरवलेला होता. गफूरभाई. अकोल्याची अर्धी जुनी वस्ती यांच्या हातची. त्यांनी माझं लॅमिनेट केलेलं ड्रॉइंग उन्हात धरलं, सुलटं केलं, परत उलटं केलं आणि म्हणाले, "साहेब, गॅलरी हाये. दोन-चार सळाखी जादा टाकून देतो."

"कशासाठी?"

"असू द्या ना. कामी येते."

"गफूरभाई," मी पुस्तकी मराठीत शिरलो (मी चुकत असलो की नेहमी पुस्तकी मराठीत शिरतो), "गरजेपेक्षा जास्त लोखंड हे अज्ञानाचं लक्षण आहे. किमान म्हणजे किमान."

"बरोबर हाये साहेब. पन तुमच्या कागदावर कोनी चालत नाई. इथं मानसं चालते."

मी त्यांच्याकडे पाहून हसलो. शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे पाहून हसायचो तसं. ते हसणं आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

स्लॅबचा दिवस मे महिन्यातला निघाला. भातकुलीचे आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, यांनी मुहूर्त काढला होता: बाराच्या आत पहिलं घमेलं पडलंच पाहिजे. अकोला, मे महिना आणि बाराच्या आत! मुहूर्त काढणारा माणूस मांडवाखाली बसणार होता, त्यामुळे त्याला काही अडचण नव्हती.

स्लॅबच्या दिवशी मजुरांना जेवण घालायची पद्धत आपल्याकडे आहेच. मधूनं पंचवीस माणसांचे रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, आणि वांग्याची भाजी सांगितली होती. पण मी घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निमंत्रण टाकलं. 'मायच्या गॅलरीचा स्लॅब. संकल्पना व डिझाइन:' आणि खाली माझं नाव, डिग्रीसकट. झालं! भातकुलीहून एक जीप भरून आली. मूर्तिजापूरहून दोन मोटारसायकलींवर पाच जण आले. एक आतेबहीण गुरुकुंज मोझरीला दर्शनाला निघाली होती, ती बडनेऱ्याला गाडी बदलून उलट्या दिशेनं अकोल्याला आली. सगळे मिळून साठच्या वर. रोडग्यांची गोवरी पुन्हा पेटवावी लागली.

नारळ फुटला. सळयांना हळद-कुंकू लागलं. मिक्सर सुरू करायला माणूस उभा राहिला. तेवढ्यात मोठेबाबा मांडवातून ओरडले, "थांबा रे! पाय लावाचे राह्यले!"

ही आमच्या घराण्याची रीत आहे, दुसऱ्या कुणाकडे मी पाहिली नाही. मळ्यात नवा वाफा केला की पहिलं बी पडायच्या आधी घरच्या प्रत्येकानं त्यात अनवाणी पाय लावायचा. वाफ्यानं घरची माणसं ओळखली की पीक दगा देत नाही, असं आमचे आजोबा म्हणायचे. मळा विकून पंधरा वर्षं झाली. रीत कुठे ठेवायची हे कुणाला सुचत नव्हतं. आणि आज मोठेबाबांना गॅलरीच्या उभ्या-आडव्या सळयांच्या चौकोनांत साक्षात वाफे दिसले!

"मायची गॅलरी हाये. सगळ्याइचे पाय लागले पाह्यजे," ते म्हणाले आणि धोतर आवरून जिना चढायला लागले.

"ओ मोठेबाबा!" गफूरभाई धावले. "सळाखीवर नका चढू! वरच्या सळाखी दबते. मी फळी टाकतो, फळीवरून चाला."

"फळीले पाय लावून का करू मी? फळी का घरची मानसं ओळखते?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. इंजिनिअर मी. नाही म्हणायचा अधिकार माझा. 'मोठेबाबा, खाली उतरा,' एवढे तीन शब्द. मी तोंड उघडलंही होतं. पण नेमक्या त्या क्षणी मूर्तिजापूरच्या काकूंनी विचारलं, "काहून रे बाबू, हे एवढं लोखंड कायले टाकते?"

एकतीस वर्षांत मला हा प्रश्न आपण होऊन कुणीही विचारला नव्हता! एकाही विद्यार्थ्यानं नाही, एकाही सहकाऱ्यानं नाही, सुनंदानं तर नाहीच नाही. माझं भान गेलं. "सांगतो, या," असं म्हणून मी स्वतःच सळयांवर चढलो. गॅलरीच्या बरोबर मध्यावर जाऊन उभा राहिलो, आणि शिकवायला लागलो.

"काँक्रीट सांगत नाही! लोखंड सांगतं!" मी म्हणालो. "आणि गॅलरीत मुख्य सळया कुठे पाहिजेत? वर! त्या वरून एक इंचभर जरी खाली दबल्या, तर संपलं!"

हे मी त्या सळयांवर उभा राहून सांगत होतो. आणि माझ्या आजूबाजूनं साठ माणसं एकेक करून पाय लावायला येत होती. पाय अनवाणी, वर मे महिन्याचं ऊन, खाली तापलेलं लोखंड. पाय लावला की माणूस उडी मारायचा! "आई गं!" म्हणून एक उडी, "मेलो!" म्हणून दुसरी, आणि तिसऱ्या उडीत बाहेर. साठ माणसांच्या दीडशे-दोनशे उड्या त्या सळयांनी झेलल्या. काहींनी पाय नीट लागला नाही म्हणून परत येऊन लावला. मोझरीवाली आतेबहीण आपल्या नवऱ्याच्या वतीनं (तो घरी होता) वेगळी उडी मारून गेली.

मी मात्र बूट घातले होते. त्यामुळे मी मुळीच हललो नाही. पाऊण तास एका जागी, शहाण्णव किलो, शांतपणे.

"अहो, तुमच्या पायाखाली काहीतरी करकरतंय," सुनंदा जिन्यातून म्हणाली.

"बूट नवे आहेत," मी म्हणालो.

मग मधूनं सगळ्यांना गॅलरीत गोळा करून फोटो काढला. मावतील तेवढी माणसं, मध्ये मी, एक बोट वर. मांडवात खुर्चीवर बसलेली माय टाळ्या वाजवत होती. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

माणसं उतरल्यावर गफूरभाई गॅलरीच्या सळयांपाशी उकिडवे बसले. अंगठ्यानं एक सळई दाबून पाहिली, मग दुसरी. सळया वर धरून ठेवायला खालून वाकड्या तुकड्यांचे पाय लावतात, त्यांना आम्ही खुर्च्या म्हणतो. त्या सगळ्या खुर्च्या आडव्या झाल्या होत्या.

"साहेब, दबल्या. पार तळाले गेल्या," ते हळूच म्हणाले. त्यांनी लोकांदेखत मोठ्यानं म्हटलं नाही, ही त्यांची माणुसकी. "अर्धा घंटा द्या. सगळ्या उचलून पुन्हा खुर्च्या लावून देतो."

"बारा वाजून राह्यले रे!" खालून मोठेबाबा ओरडले. "पाच मिन्टं उरले! का करून राह्यले वर?"

खाली साठ तोंडं वर बघत होती. मी नुकताच पाऊण तास सांगितलं होतं की सळई दबली तर संपलं. आता त्याच तोंडानं कसं सांगायचं की सळया दबल्या, आणि त्या मी दाबल्या?

मला दिसलं होतं. हे मी आजवर विनोदानं पुष्कळदा सांगितलंय आणि दर वेळी या ठिकाणी काहीतरी कोटी करून पुढे गेलोय. पण मला दिसलं होतं. अर्ध्या तासाचं काम होतं. आणि मी म्हणालो, "चालेल गफूरभाई. माझ्या हिशोबात तेवढी सोय धरलेली आहे."

हिशोबात काहीही धरलेलं नव्हतं. किमान म्हणजे किमान!

गफूरभाई उठून उभे राहिले. "तुमी म्हनता तं टाकतो," ते म्हणाले आणि मिक्सर सुरू झाला. बारा वाजायला एक मिनिट कमी असताना पहिलं घमेलं पडलं. खाली जयजयकार झाला. जेवणाआधी मधूनं मला शेला, टोपी, नारळ दिला. मी तो घेतला. चार रोडगेही खाल्ले.

पुढे महिनाभर मी अमरावतीत क्लासमध्ये किमान लोखंडाचा धडा वगळून पुढचा धडा घेत होतो. खालचे टेकू काढले त्याला चार दिवस झाले आणि मधूचा फोन आला.

"दादा, गॅलरीले भेग दिसून राह्यली. भिंतीजवळ. केसासारखी."

"प्लॅस्टरची असेल."

"प्लॅस्टर झालंच कुठं हाये दादा?"

मी मिळेल ती बस पकडली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, आणि सगळा रस्ता मी देवाला एकच मागत होतो, की भेग केसासारखीच असू दे. पोचलो तर भेग केसासारखी नव्हती. वहीचा पुठ्ठा सहज आत गेला असता. भिंतीलगत, वरच्या अंगाला, गॅलरीच्या दोन्ही कडांना रस्त्यावरूनच दिसणारी, माझ्या पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखी सरळ! आणि त्या गॅलरीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, माय मेथी निवडत बसली होती.

"माय! ऊठ! हळूच ऊठ आन् अंदर जाय!" मी रस्त्यातून ओरडलो. पुस्तकी मराठी जिथल्या तिथे पळून गेली.

"आला का तू? जेवला?"

"माय, गॅलरीले भेग पडली!"

"मंग का झालं? माया टाचेले याहून मोठ्या भेगा हायेत. मी पडली का?"

"थे पडते माय! सांगून पडत नाई थे!"

"काहून? तूच तं सांगे त्या दिवशी, लोखंड सांगते म्हणून." तिनं मेथीची काडी मोडली. "सांगून राह्यलं ना थे. बोलू दे त्याले."

एकतीस वर्षांतला माझा एकमेव धडा जो कुणीतरी नीट ऐकला होता, तो हा! मधू वर जाऊन तिला उठवायला निघाला, तर मी त्याचा दंड धरला. तिथे आणखी एका माणसाचं वजन नको होतं. मग मी समोर पडलेली एक बल्ली, म्हणजे टेकूचा लाकडी खांब, उचलली आणि गॅलरीखाली उभी धरली. तिला खाली पाचर नाही, वर फळी नाही, नुसती मी मिठी मारून धरलेली. रस्त्यावर माणसं जमायला लागली.

"काका, का धरून राह्यले?" एका मोटारसायकलवाल्यानं विचारलं.

"गॅलरी," मी म्हणालो.

"किती वेळ धरसान?"

याचं उत्तर नियमात दिलेलं नाही. घामानं बल्ली हातातून निसटत होती, माय वरून मेथीची देठं टाकत होती आणि ती माझ्या डोक्यावर पडत होती. मी खरोखर रडकुंडीला आलो होतो. गर्दीला वाटलं घाम आहे.

मधूनं फोन केला होता, म्हणून गफूरभाई आले. त्यांनी आधी भेग पाहिली, मग मला पाहिलं. वर मान करून म्हणाले, "माय, पानी पाजता का? लई ऊन हाये."

"थांब बाप्पा, आणतो," म्हणून माय टुणकन उठली आणि आत गेली. मी अर्धा तास माझं सगळं ज्ञान ओरडून सांगितलं, त्यानं ती हलली नव्हती.

गॅलरीच्या दाराला आतून कडी घातली. दुसऱ्या दिवशी गॅलरी फोडायला घेतली. काँक्रीट निघत गेलं तसं लोखंड उघडं पडलं. वर एकही सळई नाही. सगळ्या तळाला, आणि त्यातल्या तीन एकाच जागी खोलगट. मधूनं खिशातून मोबाइल काढला, त्या दिवशीचा फोटो मोठा केला आणि सळयांशेजारी धरला. जिथे खड्डा होता तिथे फोटोत माझे बूट होते.

"दादा, तुमाले दिसलं नवतं का?"

नाही म्हणता आलं असतं. गफूरभाई तिथेच होते, पण ते काही बोलले नसते, हे मला माहीत होतं.

"दिसलं होतं," मी म्हणालो.

"मंग?"

"मोठेबाबा म्हणाले बारा वाजले."

मधूनं मोबाइल खिशात ठेवला. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आयुष्यात त्यानं मला उलट उत्तर दिलेलं नाही. तेव्हाही दिलं नाही. फक्त म्हणाला, "माय बसून होती दादा तिच्यावर."

याच्यावर मला आजपर्यंत एकही विनोद सुचलेला नाही.

माय फाटकापाशी खुर्ची टाकून तोडफोड पाहत होती. मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. माफी मागायची होती. पण आमच्याकडे मुलगा आईची माफी मागत नाही, जेवायला काय केलंय ते विचारतो. मी तेच विचारलं. ती म्हणाली, "मेथी. तुया डोक्शावर पडली थे सोडून उरलेली."

मग मी अमरावतीला परतलो. नव्या गॅलरीचं डिझाइन करून पाठवतो असं मी मधूला म्हणालो होतो. तो म्हणाला, "पाहू." आपल्याकडे 'पाहू' म्हणजे नाही. तरी मी डिझाइन केलं, या वेळी सळया थोड्या वाढवल्याही. कुरियर केलं. पोच आली नाही.

दिवाळीच्या सुमाराला घराण्याच्या ग्रुपवर एक फोटो आला. मायची नवी गॅलरी, स्लॅबच्या आधीची. डिझाइन: गफूरभाई. लोखंड इतकं दाट की काँक्रीटला आत शिरायला परवानगी काढावी लागली असती! आणि भोवती दोरी बांधलेली, दोरीला पाटी: 'पाय लावू नये. घरच्यांनी तर मुळीच नाही.' मोठेबाबांनी म्हणे खालूनच हात जोडले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मुहूर्तही कळवला नव्हता.

मला गप्प बसवेना. मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं, की किमान मर्यादेप्रमाणे लोखंडाला कमाल मर्यादाही असते, फार दाटी केली तर काँक्रीट नीट बसत नाही, पोकळ्या राहतात, वगैरे. आकृतीही जोडली. उत्तरादाखल अकरा नातेवाइकांनी हात जोडलेल्याचं चित्र पाठवलं. मोझरीवाल्या आतेबहिणीनं दोनदा पाठवलं. एकदा नवऱ्याच्या वतीनं.

शेवटी संक्रांतीनंतर मीच तोंड वर करून अकोल्याला गेलो. तिळगुळाचं निमित्त होतं, पण मला ती गॅलरी पाहायची होती. आणि तिच्यात बसलेली माय. फाटकाशी पोचलो आणि मान वर केली. होती! नवी साडी, खुर्चीत मांडी घालून, हात कठड्यावर, आणि नजर रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. राजवाडा मिळाल्यासारखी बसली होती. स्लॅबला खालून एकही भेग नव्हती. मी दोनदा पाहिलं. बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

मी फाटकाची कडी काढली.

"कोन हाये थे?" वरून आवाज आला.

"मी, माय."

"थांब थितंच! वर येऊ नको!"

"अवं, मी गॅलरीत नाई येत. नुसता पाया पडतो."

"थितूनच पड. चहा खाली येऊन राह्यला तुया."

खरंच मधूची बायको चहाचा कप घेऊन खाली आली. मी फाटकात उभा राहून, वर बघून नमस्कार केला आणि चहा प्यायला लागलो. शेजारच्या घरातली बाई तिच्या गॅलरीत ऊन खात बसली होती. तिनं वाकून पाहिलं.

"आजी, कोन हो थे? खालीच काहून उभे केले?"

"माया मोठा पोरगा हाये," माय मोठ्या अभिमानानं म्हणाली. "अमरावतीले असते. गॅलऱ्याइचा इंजिनेर हाये."

शेजारीण उठली, आणि आपली खुर्ची आत ओढून घेतली.